गोविंदाच्या गाडीचा आवाज

गाडी दिसायच्या आधी गोविंदा ऐकू यायचा. कोलाडकडून रोह्याला येताना धाटावच्या कंपन्या लागायच्या जरा आधी, डाव्या हाताला माझं गॅरेज आहे. सकाळी शटर वर करून मी उदबत्ती लावत असायचो आणि लांबच्या वळणावरून तो आवाज यायचा. चींऽऽ. थांबायचा, परत चींऽऽ. ओल्या बोटानं काच घासली की दात शिवशिवतात ना, तसा. दिवसाच्या पहिल्या घटकेलाच माझं डोकं फिरायचं. मग गाडी यायची. पुढे गोविंदा, हेल्मेटच्या आत पांढरी टोपी तशीच ठेवलेली. मागे त्याची मुलगी सरू, मांडीवर दोघांचे डबे. गोविंदा मला बघून हात वर करायचा आणि सरू मान वळवून शेताकडे बघायची.

समोरचा चहावाला मुद्दाम विचारायचा, "दिनूशेठ, ही गाडी तुमच्याकडेच असते ना हो कामाला?" रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या धंद्याची उलटी जाहिरात रस्त्यावरून कोकलत जात होती.

मी दिनानाथ, मूळचा पेणचा. धंदा तिथंच शिकलो, लग्नानंतर सासरच्यांनी इथली जागा दाखवली म्हणून इकडे आलो. आणि बेल्टचा आवाज ऐकून मला राग येतो त्याला कारण आहे. बिनगिअरच्या गाडीला चेन नसते. डाव्या अंगाला झाकणाच्या आत रबराचा बेल्ट दोन चाकांवर फिरतो आणि मागचं चाक ओढतो. पेणला गणपतीच्या कारखान्यांतली माणसं गाड्या घेऊन यायची, प्लॅस्टरच्या पांढऱ्या धुळीनं त्यांचे बेल्ट रडायचे. झाकण काढायचं, हवा मारायची, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं बेल्ट पुसायचा, सावलीत सुकवायचा. चाकं एका रेषेत आहेत का बघायची, कुठून ग्रीस पाझरतंय का ते बघायचं, हवा आत घेणाऱ्या तोंडावरचा फोम धुवायचा. आवाज गेला. यात शहाणपण काही नाही, फक्त आळस करायचा नाही.

पण ऐकतो कोण? कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या तोंडात काहीतरी घालायचं, ही आपल्या लोकांची जुनी खोड. दार कुरकुरलं, घाल तेल. चेनला तेल लागतं हे खरं, पण बेल्टला काही लागत नाही. त्याला कोरडं आणि स्वच्छ राहू द्या, बाकी तो बिचारा काही मागत नाही. हे मी आयुष्यभर सांगत आलो. तरी एकानं बेल्टला खोबरेल लावून आणलं, एकानं मेणबत्ती घासली, एका मास्तरांनी तर अंगाला लावायच्या सुवासिक पावडरीचा अख्खा डबा उपडा केला होता. झाकण उघडलं तर गॅरेजभर बाळंतिणीच्या खोलीसारखा वास.

गोविंदानं यातलं काही केलं नव्हतं. त्यानं राख टाकली होती.

पहिल्यांदा गाडी घेऊन आला तेव्हा मी झाकण काढलं आणि बघतच राहिलो. आत सगळं करडं. चाकांवर, बेल्टवर, कोपऱ्याकोपऱ्यात. चिमटीत घेऊन बघितलं.

"ही चुलीतली राख आहे."

"व्हय," गोविंदा म्हणाला. "मीच टाकली. चढाला पट्टा सरकतोय असं वाटलं. आमच्या गावच्या पोपटाच्या गिरणीत पट्टा सरकला का तो राळेची पूड मारतो. घरात राळ नव्हती, मग राख मारली."

आता बोला. भाताच्या गिरणीचा पट्टा वेगळा, तो सपाट असतो, उघडा असतो, त्याला राळ चालते. गाडीचा बेल्ट झाकणात बंद. आत गेलेली राख बाहेर यायला वाट नाही, ती तिथंच फिरते आणि बेल्टला कानशीसारखी घासत राहते. मी हे सगळं त्याला पाना हातात धरून समजावलं. तो प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणाला. शेवटी मी विचारलं, "कळलं?" तर म्हणाला, "कळलं, बेस कळलं." गाडी साफ करून दिली. पंधरवडाही गेला नसेल, वळणावरून परत चींऽऽ.

गोविंदा खांबच्या आतल्या गावचा. पावसात भात आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल, बापानं केलं ते त्यानं केलं. लावणीला त्याच्या हाताखाली दोरी लागायची नाही, ओळ अशी सरळ यायची, असं त्याची बायको कृष्णाबाई सांगते. मग गुडघे गेले. चिखलात पाय रुतला की उपसता येईना, वालाच्या शेंगा तोडायला बसला की उठता येईना. शेत धाकटा भाऊ विठू बघायला लागला आणि गोविंदा पडवीत बसून विठूला सूचना द्यायला लागला. विठूनं ते एक हंगामभर ऐकून घेतलं. पुढच्या हंगामात तो मागच्या दारानं शेतावर जायला लागला.

त्याच सुमाराला सरू रोह्याच्या कॉलेजातून बीएस्सी झाली आणि धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये कंत्राटावर लागली. कष्टाळू मुलगी, मोजकं बोलणारी, निदान माझ्यासमोर तरी. पगारातून तिनं ही गाडी घेतली. गाडी तिच्या नावावर, लायसन्स तिचं, चालवायला ती मैत्रिणीच्या गाडीवर शिकलेली. शोरूममधून घरी आणायच्या दिवशी बाप म्हणाला, "पहिल्यांदा मी चालवतो." आणि मग तो उतरलाच नाही.

बिनगिअरच्या गाडीवर गुडघा दुखत नाही, हा शोध त्याला लागला होता. रोज सकाळी मुलीला मागे घेऊन निघायचं, महामार्गाचे खड्डे चुकवत कोलाड, तिथून धाटाव. ती कंपनीत गेली की हा गेटबाहेर बदामाच्या झाडाखाली बसायचा. घरी परत जायचा नाही. वॉचमनशी गप्पा, दुपारी डबा, मग टोपी तोंडावर ओढून डुलकी, आणि सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी गाडी पुसून उभा. गावात कुणी विचारलं, "काय गोविंदा, कुठं?" तर म्हणायचा, "ड्युटीला." हसू नका, तो हसत नव्हता.

हे असंच चालत राहिलं असतं. पण कंपनीनं कंत्राटी मुलींतून एकीला कायम करायचं ठरवलं. कायम म्हणजे तिन्ही शिफ्टला यायचं, कधी पहाटे, कधी दुपारी. साहेबांनी सरूला सरळ विचारलं, वेळी-अवेळी काय वडिलांच्या मागे बसून येणार? सरूनं घरी येऊन बापाला सांगितलं, गाडी आता मला द्या. बाप म्हणाला, "देतो की. तुझीच हाय. पन हा आवाज जाऊ दे. बिघडलेली गाडी तुझ्या हाती कशी देऊ गो? रस्त्यात बंद पडली तर काय करशील?"

बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. म्हणजे झालं काय, की मुलीची नोकरी गाडीवर, गाडी आवाजावर, आणि आवाज माझ्यावर येऊन बसला. एका संध्याकाळी बाप चहा घ्यायला पलीकडे गेला तेव्हा सरू मला म्हणाली, "काका, एकदाचा घालवा ना हा आवाज." तिचा चेहरा बघून मलाच लाज वाटली. इतक्या वर्षांचा धंदा, आणि एक बेल्ट माझं ऐकत नाही.

मग मी त्या गाडीच्या मागेच लागलो. झाकण काढलं, परत करडी राख.

"गोविंदा, परत टाकलीस?"

"मिस्तरी," तो म्हणाला, "गाडी आमची उभी असते राखेतच. येऊन बघा."

एका सुट्टीच्या दिवशी गेलो त्याच्या घरी. बोलण्यात तथ्य होतं. पडवीत धान्य साठवायची कणगी, कणगीत बियाण्याचे वाल राखेत घोळवून ठेवलेले, किडा लागू नये म्हणून घरोघरी ठेवतात तसे. कणगीला खेटून गाडी. कृष्णाबाई वाल काढायला झाकण उचलायची की राख उडायची, ती फोमच्या तोंडावाटे आत जात असणार. सापडलं एकदाचं मूळ, मी म्हटलं. गाडी तिथून हलवून परसातल्या पत्र्याखाली लावायला लावली. कृष्णाबाईला बजावलं. नवा फोम बसवला.

"भावोजी, ह्यांना काय सांगाल तर नीट कागदावर लिवून द्या," कृष्णाबाई म्हणाली. "हे व्हय म्हनतात आनि मनाचंच करतात."

मी हसलो. ऐकायला हवं होतं.

थोडे दिवस गाडी गप्प. मग वळणावरून चींऽऽ. मी उदबत्ती तशीच खोचून रस्त्यात जाऊन उभा राहिलो आणि गाडी आडवली. सरूला म्हटलं, तू चालत पुढे हो, कंपनी लांब नाही. झाकण काढायला बसलो, तर बोल्टची डोकी कुणीतरी पकडीनं धरून चावल्यासारखी केलेली. मी आयुष्यात बोल्टला पकड लावलेली नाही. लगेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, नको तो. कोलाडला एकानं नवीन गॅरेज टाकलं होतं.

"अस्सं," मी म्हटलं. "म्हणजे माझ्याकडून साफ करून घ्यायचं आणि दुसऱ्याकडून बिघडवून घ्यायचं. तुला त्याच्याकडं जायचं तर खुशाल जा, माझा वेळ कशाला खातोस?"

गोविंदानं टोपी काढली. "तुमच्याबिगर दुसऱ्या मिस्तरीनं या गाडीला हात लावला असंल तर माझे गुडघे आहेत तेबी जाऊ दे."

गुडघ्यांची शपथ घेतल्यावर माणूस काय करणार? मी परत साफ केलं, परत दिलं. बेल्ट मात्र आता कडांनी झिजून भुसभुशीत झाला होता. नवा बेल्ट पेणहून मागवतो, तोवर जपून चालवा, असं सांगितलं. इकडे सरूची कायम होण्यासाठीची मुलाखत सोमवारवर आली होती.

रविवारी संध्याकाळी दोघं आले. आवाज अजिबात नव्हता. सरूनं माझ्यासमोर हँडल धरलं, नाक्यापर्यंत गेली, वळून आली. हेल्मेटच्या काचेमागे चेहरा फुललेला. "बाबा, आता आवाज गेला. उद्या मी एकटी जाते हां." गोविंदा म्हणाला, "बघू उद्या." मी म्हटलं, बघू काय, गाडी ठणठणीत आहे, बेल्ट तेवढा मंगळवारी येईल, एक दिवस हळू चालव. सरूनं माझ्या पाया पडायचा बेत केला, मीच अडवलं. म्हटलं, आधी कायम हो.

सोमवारी सकाळी वळणावरून आवाज आला नाही. मी खूश. उदबत्ती नीट ओवाळली. पहिला चहा झाला, दुसरा झाला, आणि चहावाला म्हणाला, "तुमची पेटी आज वाजली नाही." तेव्हा लक्षात आलं, आवाज नसला तरी गाडी तरी जायला हवी होती की नाही?

घडलं ते असं. सकाळी सरूनं गाडी सुरू केली तर रोजच्या दुप्पट चींऽऽ. गोविंदा म्हणाला, "बघ, म्हनलं नव्हतं? सर मागं, मी नेतो." ती मुलाखतीच्या साडीत, वाद घालायला वेळ नाही, बसली मागे. कोलाडच्या अलीकडे बेल्ट तुटला. तुटला म्हणजे तुकडे होऊन आतच गुंडाळला गेला, मागचं चाक जाम. खड्डा नव्हता आणि वेग नव्हता म्हणून दोघं धड राहिली. सरूनं हात करून मिनिडोर रिक्षा थांबवली, माणसांनी भरलेली, ड्रायव्हरशेजारी अर्धी बाहेर बसून ती पोचली, तोवर मुंबईहून आलेले साहेब उठले होते. दुसऱ्या मुलीचं नाव झालं. सरूला सांगितलं, पुढच्या वेळी बघू.

दुपारनंतर गोविंदा गाडी टेम्पोत घालून घेऊन आला. त्याच्या मागोमाग सुट्टी झाल्यावर सरूही कंपनीतून चालत आली आणि बाकाजवळ उभी राहिली. साडीला ग्रीसचा डाग. मला तिच्याकडे बघवेना. मी खाली बसून झाकण काढलं. आतून राख सांडली. हवेनं गेलेली नव्हे, मुठीनं घातलेली. बेल्टच्या चिंध्या, करडा ढीग, आणि त्या ढिगात एक वालाचा दाणा. राखेत घोळलेला, बियाण्याचा.

फोमच्या तोंडातून मुंगी जाईल, वाल जाणार नाही.

सरूनं वाकून दाणा उचलला, पदराला पुसला. "आपल्या कणगीतला हाय," ती म्हणाली.

"उंदरानं नेला असंल," गोविंदा म्हणाला.

माझा आजवरचा सगळा राग तिथं बाहेर आला. "उंदरानं? आणि उंदरानं बोल्ट पण खोलले? पकड कुणी दिली त्याला? अरे, मला वेडा बनवलंस ते बनवलंस, लोकांनी माझी छी-थू केली ती केली, पण पोटच्या पोरीच्या ताटात माती कालवलीस तू. चाक जाम झालं तेव्हा मागून ट्रक असता तर? कशासाठी? बोल ना." गोविंदा टोपीची घडी घालत राहिला, उघडत राहिला, परत घालत राहिला. "उंदीर लय झालेत पडवीत," एवढंच म्हणाला.

सरू ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बापाच्या खिशातून चावी काढून घेतली. पेणहून बेल्ट एक दिवस आधीच, त्या दुपारी आला होता तो मी बसवून दिला. ती पुढे बसली, हेल्मेट घातलं आणि बापाला मान हलवून मागे बसायची खूण केली.

आता मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय? दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बिनआवाजाची आली आणि पुढे जायच्याऐवजी माझ्या दारात थांबली. मागून गोविंदा उतरला, हातात डबा.

"काका," सरू म्हणाली, "गेटवर बाबा मला आता नको आहेत. घरी ठेवले तर विठूकाकाशी भांडतात आणि आई रडते. इथं बसू दे, सुट्टीला घेऊन जाईन."

"अगं, हे गॅरेज आहे, अंगणवाडी नाही," असं मी म्हणालो, पण गाडी गेली होती.

रोज तेच सुरू झालं. सकाळी उतरायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळी चढायचा. आणि गप्प बसेल तर तो गोविंदा कसला? गिऱ्हाईक आलं की हा आधी बोलायचा. "बेल्टला काय लावायचं नाय. कोरडा ठेवायचा. झाकन खोलून हवा मारायची." माझंच वाक्य, मलाच ऐकवायचा, आणि वर गिऱ्हाइकाला म्हणायचा, "राख तर अजाबात नाय." मी पाना आपटायचो. गिऱ्हाइकं त्यालाच नमस्कार करायला लागली. मी त्याला तीनदा सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तिन्ही वेळा म्हणाला, "व्हय."

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला लागली. पूर्वी येताना-जाताना सरू मागे बसून अखंड बोलत असायची. आवाजाच्या वर आवाज काढून, बापाच्या कानाशी हेल्मेट लावून, लॅबमधलं, मैत्रिणींचं, साहेबांचं. तो नुसता मान हलवायचा. आता ती पुढे, तो मागे, आणि दोघांत एक शब्द नाही. ती थांबायची, तो उतरायचा, ती जायची.

एकदा दुपारी हाताला काम नव्हतं. पावसाळी ढग होते, गोविंदा डबा उघडून तसाच बसला होता. अचानक म्हणाला, "गाडी गप झाली, मिस्तरी."

"मग? तुझ्या कृपेनं नव्हे."

"सरू पन गप झाली."

तोच बोलत राहिला, डब्यातल्या भाकरीकडे बघत. "पडवीत बसलो का दिस सरत नाय. विठू तोंड चुकवतो. बायको म्हनते, उठा, झाडायचंय. ह्या गाडीवर बसलो का कुनीतरी माझी वाट बघतंय असं वाटायचं. सरू मागं बसून बोलायची, मला अर्धं कळायचं नाय, लॅबमधलं. पन बोलायची. पयली राख चुकून टाकली, देवाशप्पत. मंग तुमीच म्हनालात, राखेनं आवाज होतो. आनि ती म्हनाली, आवाज गेला का गाडी माझी. मंग काय करू मी? तुटंल असं वाटलं नव्हतं. नुसता आवाज येत राहील असं वाटलं."

ऐकून माझा राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. उलट वाढला. म्हणजे हे विद्यादान मीच केलं होतं, पाना हातात धरून.

"हे मला कशाला सांगतोस?" मी म्हटलं. "तिला सांग ना."

"कसं सांगू?"

"तोंडानं. उंदीर सांगितलास तसा."

"ती बगत पन नाय माझ्याकडं."

"बघणार नाहीच. तिला वाल सापडलाय, तिला सगळं माहीत आहे. पण तू अजून उंदरालाच धरून बसलायस. आज सांगितल्याशिवाय या बाकावरून उठायचं नाही. उठलास तर उद्या बाक उचलून आत ठेवीन."

संध्याकाळी सुट्टीचा भोंगा झाला. गाडी आली आणि थांबली. सरूनं नेहमीसारखं पुढे बघत इंजिन चालू ठेवलं. गोविंदा उठला, माझ्याकडे बघितलं, परत बसला. मी मुद्दाम एका चाकात डोकं घालून बसलो. सरूनं हॉर्न दिला. मग इंजिन बंद केलं आणि हेल्मेट काढलं.

"बाबा, काय झालं? गुडघा दुखतोय का?"

"नाय," गोविंदा म्हणाला. टोपी हातात आली होती. "राख मी टाकली. उंदीर नव्हता. दर टायमाला मीच. रविवारी पन मीच, दोन मुठी. तू एकटी जाशील म्हनून."

रस्त्यावरून कंपनीच्या बसगाड्या एकामागून एक चालल्या होत्या. त्या गेल्यावरच तिचं उत्तर ऐकू आलं.

"म्हाईत हाय."

"तुझी कायमची नोकरी गेली माझ्यापायी."

"म्हाईत हाय, बाबा. तुमी कधी सांगताय त्याची वाट बगत होते." तिनं बाहीनं डोळे पुसले, हेल्मेट परत डोक्यावर ठेवलं. पट्टा लावला. "साहेबांनी मला उद्यापासून सेकंड शिफ्टला टाकलंय. जमतंय का बघनार आनि मंग कायमचं ठरवनार. दुपारी निघायचं, रात्री अकराला सुटायचं. येताना मी मागं बसनार नाय, सांगून ठेवते. पन बोलनार. दोगांचा डबा घ्या."

गोविंदानं मान हलवली. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, नुसत्या मानेवर न थांबता तोंडानंही म्हणाला, "घेतो." मागे बसला, टोपीवर हेल्मेट चढवलं, आणि गाडी वळणापर्यंत पोचायच्या आत त्याचं डोकं तिच्या कानाशी गेलेलं मला दिसलं.

माझं गॅरेज आठला बंद होतं, मग अकरापर्यंत गोविंदा बसणार कुठं, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.